नवमीची सुरी

प्रत्येक घरात एखादी तरी वस्तू अशी असते, की ती कशाची आहे हे कुणालाच नीट ठाऊक नसते आणि ती टाकून देण्याची मात्र कुणाची छाती होत नाही. कुणाकडे पणजोबांचे न चालणारे घड्याळ असते, कुणाकडे कुलूप हरवलेली किल्ली असते. आमच्याकडे एक सुरी होती.

माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात ती गुंडाळून ठेवलेली असे आणि वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, खाली येई. त्या दिवशी आजी घरातली सगळी हत्यारे अंगणात घेऊन बसे. विळे, कोयता, कुऱ्हाड, पहार आणि ही सुरी. चिंच आणि राख घेऊन ती एकेकाला असे काही घाशी, की हत्यारांनाही अभ्यंगस्नानाची धास्ती वाटावी. मग पाटावर त्यांची ओळ लागे, हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचे फूल वाहिले जाई. दसरा झाला, की सुरी पुन्हा फडक्यात आणि फडके पुन्हा ट्रंकेत.

सुरी म्हणायचे खरे, पण तिने साधी काकडी चिरली गेली नसती. पाते हातभराहून कमी, दोन्ही बाजूंनी धारेचे, पण मुठीपाशी एका अंगाला एकदम रुंद झालेले. जणू एखादे लांबट पान देठापाशी एकाच बाजूला फुगावे! मूठ लाकडाची, किंचित पुढे वाकलेली. म्यानाचे वरचे लाकूड सोललेल्या कोयीसारखे गोलसर, आणि खाली पितळी खोळ. आमच्या साताऱ्याकडच्या गावात असले हत्यार दुसऱ्या कुणाकडे नव्हते. ते आजोबांनी जावाहून आणले होते.

आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, आणि युद्ध संपल्यावर जी लढाई त्यांच्या वाट्याला आली, ती सुराबाया नावाच्या गावी. धाकटे काका ती हकीकत फार रंगवून सांगत. जावाच्या कुणा राजाशी आजोबांची समोरासमोर गाठ पडली, राजाने वार केला, आजोबांनी तो संगिनीवर घेतला आणि त्याची कट्यार हिसकावून आणली. ही गोष्ट काकांनी लग्नाच्या पंगतीत सांगितली, ग्रामपंचायतीत सांगितली आणि एका वर्षी शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या समारंभात पाहुणे म्हणून सांगितली. आजोबांनी मात्र ती कधीच सांगितली नाही. मी चौदा वर्षांचा असताना ते गेले, आणि तोवर मी त्यांच्या तोंडून जावाबद्दल ऐकलेले वाक्य एकच होते : "लई हिरवा मुलूख, आपल्या कोकणावानी."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, चित्रकलेची परीक्षा दिली आणि तालुक्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. पुढे तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापणाऱ्याने छापल्या, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. वाचणाऱ्यांनी किती वाचल्या, हे त्यालाच ठाऊक. एकदा वाचनालयात एक चित्रमय पुस्तक चाळताना आमची सुरी माझ्यासमोर आली. म्हणजे अगदी तीच नव्हे, तिची भावंडे. खाली नाव होते क्रिस. जावात तिला केरिस म्हणतात, आणि मानाच्या भाषेत 'चुरिगा'. हा दुसरा शब्द संस्कृतातल्या छुरिकेपासून गेलेला आहे. आमची अडाणी आजी तिला आयुष्यभर सुरी म्हणत होती, ते काही चुकीचे नव्हते!

त्या दिवसापासून मला नाद लागला. नाद हा रोग असा आहे, की तो श्रीमंताला झाला तर त्याला संग्रह म्हणतात आणि मास्तरला झाला तर घरात भांडण म्हणतात. मुलांच्या रंगपेट्या तपासाव्या तशी मी जुन्या बाजारातली गाठोडी तपासू लागलो. एका शहराच्या बाजारात मला एक क्रिस मिळाली. नागासारखी वळणे घेतलेली, गंजलेली, खोल खड्डे पडलेली. विकणारा म्हणाला, "साहेब, चारशे वर्षांची आहे." मी दिवाळीच्या अग्रिमातले पैसे मोजून ती घेतली आणि पुण्यात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे दाखवायला नेली. ते निवृत्त इंजिनीयर. नोकरीच्या निमित्ताने तिकडे काही वर्षे राहिलेले आणि या विषयात मुरलेले.

त्यांनी पाते उजेडात धरले आणि बोटाने वळणे मोजू लागले. मुठीजवळचे पहिले, मग समोरच्या बाजूचे, मग पुन्हा या बाजूचे, असे आळीपाळीने टोकापर्यंत.

"मास्तर, आठ आली."

"मग?"

"मग काय! विषम यायला हवीत. तीन, पाच, सात, अशी तेरापर्यंतची नेहमीची. त्यापुढची विरळा, पण तीही विषमच. आठ वळणे घालणाऱ्याने क्रिस पाहिली असेल, केली नव्हती. आणि हे खड्डे पाहा. सगळे सारख्या खोलीचे. म्हातारपणाच्या सुरकुत्या कधी सारख्या असतात का? हे तेजाबात बुडवलेले आहे."

मी इतका खजील झालो, की त्यांनी चहा मागवला. तो चहा म्हणजे माझे या शाळेतले नाव दाखल होणे होते.

त्यानंतर पाच-सहा वर्षे मी सुट्टी मिळेल तसा त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांचे सूत्र होते : "आधी मान, मग अंग, मग आवाज, आणि गोष्ट सगळ्यांत शेवटी." मान म्हणजे मुठीजवळचा भाग. लोक वळणांवर भाळतात; पण पुष्कळ क्रिस अगदी सरळ असतात. सरळ पाते म्हणजे स्वस्थ पडलेला नाग, वळणाचे म्हणजे चालता नाग, असे तिकडे मानतात. क्रिस ओळखायची ती त्या एका बाजूला रुंदावलेल्या मानेवरून. तिथे बहुधा एक वेगळा आडवा तुकडा बसवलेला असतो, त्याला गोंजा म्हणतात. (रोमन लिपीत हा शब्द अगदी गांजासारखा दिसतो, त्यामुळे माझ्या वहीवर एकदा मुख्याध्यापकांची नजर पडून मला खुलासा करावा लागला होता.) त्याच्या एका टोकाला पालीचे डोके म्हणतात, आणि ते खरोखरच भिंतीवरच्या पालीसारखे दिसते. रुंद बाजूला कधी हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली कळी असते, तिच्यामागे अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा असतो. त्याचे नावच 'दाबलेली जागा' अशा अर्थाचे आहे. लोहाराने तापल्या लोखंडावर अंगठा टेकून तो केला, अशी समजूत.

मानेनंतर अंग. क्रिसचे पाते एकाच धातूचे नसते. लोखंडाचे आणि निकेलचा अंश असलेल्या धातूचे थर एकावर एक ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून ते करतात आणि मध्ये पोलाद घालतात. आपल्याकडच्या चांगल्या तलवारीवर जौहर दिसते, तशीच पण त्याहून ठसठशीत नक्षी यातून उठते. तिला पामोर म्हणतात. प्रंबाननच्या देवळांजवळ अठराव्या शतकात सापडलेल्या उल्केचे लोखंड सुराकार्ताच्या राजवाड्यात नेऊन ठेवले होते आणि राजघराण्याचे कारागीर ते पात्यांत वापरीत. नक्ष्यांची नावे किती सुरेख! 'सोन्याचा पाऊस', 'कलिंगडाची साल', 'ओढत नेलेली माडाची झावळी', आणि सगळ्यांत जुनी, सगळ्यांत घरगुती अशी 'सांडलेले तांदूळ'. अस्सल नक्षी पात्याच्या पोटातून आलेली असते, म्हणून धारेपाशी तिच्या रेघा कापलेल्या दिसतात. वरून तेजाबाने रेखाटलेली नक्षी कातडीवर गोंदल्यासारखी वरच्या वर राहते.

मग आवाज. पाते तोलून पाहायचे, नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगले जुने पाते हाताला हलके लागते आणि नाद लांबवर जातो. बोजड आणि मुके असेल, तर संशय घ्यायचा. बेटाबेटांची चालही वेगळी. बालीचे पाते दांडगे आणि गुळगुळीत घासलेले, सुमात्राकडचे लांब सडपातळ, फिलिपीन्सच्या दक्षिणेकडचे जड आणि वार करण्याजोगे. जावाची क्रिस मात्र वार करण्यासाठी थोडी आणि जवळ बाळगण्यासाठी फार. तिथे सासरा जावयाला क्रिस देतो. तिला वंशाचा ठेवा मानतात. मुहर्रमच्या सुमाराला येणाऱ्या सुरो महिन्यात तिला नारळाच्या पाण्याने, लिंबाने आणि चक्क रिठ्याने न्हाऊ घालतात, सोमलाच्या पाण्याने तिची नक्षी उठवतात आणि सुगंधी तेल लावतात. मला खंडेनवमी आठवली. लावू पर्वताच्या उतारावर सुकुह नावाचे पंधराव्या शतकातले देऊळ आहे. तिथल्या एका शिल्पात चक्क भीम लोहार होऊन पाते घडवतो आहे, अर्जुन भाता मारतो आहे आणि दोघांमध्ये गणपती नाचतो आहे. इंजिनीयरसाहेबांनी त्याचे छायाचित्र दाखवले तेव्हा मी नकळत हात जोडले.

वयाचे काय, असे मी एकदा विचारले. ते हसले. "तिकडचे जाणकारसुद्धा त्याला 'तांगुह' म्हणतात, म्हणजे अंदाज. हे पाते मजपहितचे वाटते, हे मातारामचे वाटते. पाहताक्षणी जो शतक सांगतो, त्याच्याकडून पातेलेसुद्धा विकत घेऊ नये. ज्यांच्यावर साल घातलेले आहे अशी जुनी पाती बोटांवर मोजण्याइतकी. एक आहे ॲमस्टरडॅमला, तिच्यावर शके १२६४ कोरले आहे."

शके! पंचांगातला तो आपला शब्द एका जावाच्या कट्यारीवर जाऊन बसलेला ऐकून मला उगीचच अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी मी ठरवले, की आता आजोबांची सुरी यांना दाखवायची. इतकी वर्षे मी ती नेली नव्हती. का नेली नव्हती, ते मला सांगता येत नसे. आठ वळणांची जखम एखाद्या परक्या पात्याने केलेली बरी.

त्यांनी ती अर्धा तास पाहिली. मी त्यांच्या खिडकीतून समोरच्या वाड्याची कौले मोजत होतो.

"पाते खरे आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि जरा निराळे आहे. गोंजा वेगळा बसवलेला नाही, पात्याबरोबरच घडवलेला आहे. अशी कमी सापडतात. सरळ अंगाचे, साधे, पण मान फार नीट काढली आहे. कुणा बऱ्या हाताचे काम." मग त्यांनी भिंग खाली ठेवले. "पण मास्तर, ही तुमच्या घरी कशाने साफ करीत?"

"चिंचेने. आणि राखेने."

"किती वर्षे?"

"आजी होती तोवर. साठ तरी."

त्यांनी डोळे मिटले. मग मला जवळ बोलावून मानेचा तो अंगठ्याएवढा खळगा दाखवला. तिथे आजीचे बोट पोचत नव्हते. लिंबाच्या रसाचा हात फिरवून, धुऊन, पुसून त्यांनी तो भिंगाखाली धरला. काळ्याशार लोखंडावर बारीक पांढरे ठिपके, जणू कुणी मूठभर अक्षता उधळल्या होत्या. सांडलेले तांदूळ. बाकीच्या साऱ्या पात्यावरून आजीने ते भक्तिभावाने पुसून टाकले होते.

"किमतीच्या दृष्टीने विचाराल," ते म्हणाले, "तर तुमच्या आजीने ती राखेत घालवली. आता म्यान बघू."

म्यानाच्या वरच्या लाकडात पात्याच्या मानेला बरोबर बसेल अशी खोबण कोरलेली असते. म्यान ज्याच्या त्याच्या पात्यापुरते. आमची खोबण पात्याहून लांब होती. म्यान दुसऱ्या कुणाचे होते. "त्यात विशेष नाही," ते म्हणाले. "माणूस कपडे बदलतो, क्रिस म्यान बदलते. पण तिकडचा कारागीर खोबण नव्याने बसवून देईल. हे असे करणार नाही." आणि चिमट्याने त्यांनी खोबणीतून एक गोष्ट बाहेर काढली. घडी घालून कोंबलेली, तेलाने काळी पडलेली कापडाची चिंधी होती ती. उलगडली तेव्हा आतल्या घडीत तिचा रंग शाबूत होता. खाकी.

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मान, अंग आणि आवाज पाहून झाले होते. आता गोष्टीची पाळी होती, आणि ती त्या चिंधीने सांगून टाकली होती. ज्याने राजाची कट्यार समोरासमोर हिसकावली, त्याला म्यान धुंडाळावे लागत नाही. ते राजाच्या कमरेलाच असते. ज्याला प्रेमाने भेट मिळाली, त्याला ती तिच्या म्यानासकट मिळते. इथे पाते एकीकडचे होते, म्यान दुसरीकडचे, आणि दोघांची गाठ घालून देणारा एक खाकीतला शिपाई होता. जळक्या घरांच्या ढिगाऱ्यात सापडली असेल, कुणी चार नाण्यांना विकली असेल. कुणाच्या तरी घरातला वंशाचा ठेवा होता, एवढे मात्र नक्की.

परतीच्या एस.टी.त मला सुराबाया दिसू लागले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते. डचांना तिथे परत यायचे होते, आणि तोवर बंदोबस्त करायला इंग्रजांनी जी फौज उतरवली ती हिंदी होती. ऑक्टोबरच्या शेवटी सुराबायात आग भडकली, ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, आणि १० नोव्हेंबरला शहरावर जमिनीवरून, समुद्रातून, आकाशातून मारा सुरू झाला. तो दिवस इंडोनेशियात अजूनही वीरदिन म्हणून पाळतात. स्वतः गुलाम असलेल्या देशाची पोरे दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य मोडायला पाठवली गेली होती, आणि त्यांतला एक तेवीस वर्षांचा पोर माझा आजोबा होता. काका ही गोष्ट पंधरा ऑगस्टला सांगत असत!

आणि मग आणखी एक आठवले. खंडेनवमीच्या पूजेला आजोबा कधी हजर नसत. पहाटेच उठून रानात जात ते दिवेलागणीला येत. आम्हा पोरांना वाटे, त्यांना कामाचा सोस फार. आजी शेवटच्या आजारात असताना मी सहज विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "ह्यांनी तिला कदी हात न्हाई लावला बाबा. कदी फूल न्हाई वाह्यलं. मीच आपली घाशीत बसायची. म्हनलं, घरात आल्यालं हत्यार हाय, उपाशी कशाला ऱ्हावं." तेव्हा मला त्यात काही दिसले नव्हते. नाद असलेल्या माणसाला लोखंडातले तांदूळ दिसतात आणि माणसाचे मौन दिसत नाही.

गोष्ट इथेच संपती तर बरे झाले असते. पण त्याच वर्षी आमच्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाची वेळ आली आणि फीचा आकडा पाहून माझ्या तोंडचे पाणी पळाले. ओळखीतून एक व्यापारी घरी आला. त्याने माझ्या सहाही क्रिस पाहिल्या, पाच बाजूला सारल्या आणि आजोबांची हातात घेतली. "हिचे वीस हजार देतो," तो म्हणाला. मग म्यानावर बोट वाजवीत, "पण एक कागद लिहून द्याल, तर दीड लाख."

"कसला कागद?"

"तुमच्या काकांकडून ऐकले मी. सुराबायाची लढाई, राजा, संगीन. सही करून दोन पाने लिहून द्या, की आजोबांनी स्वतः तुम्हाला असे सांगितले. तुम्ही तर लेखक! गिऱ्हाईक लोखंडाला पैसे देत नाही मास्तर, गोष्टीला देते."

तो दोन दिवसांची मुदत देऊन गेला. स्वयंपाकघरातून आमच्या सौ. म्हणाल्या, "तुमच्या तीन कादंबऱ्यांनी मिळून एवढे दिले नाहीत." त्यात टोमणा नव्हता, हिशेब होता. आणि हिशेब बरोबर होता.

खोटे कशाला सांगू, त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. पहिला परिच्छेद इतका झकास उतरला, की असा माझ्या एकाही कादंबरीत नाही. मग मला केन आरोकची कथा आठवली. 'पाराराटोन' नावाच्या जुन्या ग्रंथात ती आहे. केन आरोकने गांड्रिंग नावाच्या लोहाराला क्रिस घडवायला सांगितली, ती पुरी व्हायच्या आत अधीर होऊन त्याच क्रिसने त्याला मारले, आणि मरताना लोहाराने शाप दिला, की ही सात राजांचे प्राण घेईल. पण मला नेहमी टोचते ती कथेतली दुसरी जागा. आरोकने ती क्रिस केबो हिजो नावाच्या मित्राला वापरायला दिली. हौशी मित्र ती कमरेला लावून गावभर मिरवला. साऱ्यांनी धरून चालले, ती त्याचीच. एका रात्री आरोकने ती चोरून नेली, तिने तुंगुल अमेतुंग या अधिपतीचा खून केला आणि पाते प्रेतातच राहू दिले. सकाळी लोकांनी ओळखले, ही तर केबो हिजोची! आणि त्या बिचाऱ्याचा जीव गेला. आरोक पुढे १२२२ साली सिंहसारीचा राजा झाला. हत्याराला एकदा खोटी मालकी चिकटली, की ती कुणाला भोवेल ते सांगता येत नाही.

सकाळी मी सौ.ना सगळे सांगितले. चिंधीसुद्धा दाखवली. म्हटले, निदान ही घाण टाकून देऊ. संग्रहाच्या नियमाप्रमाणे ती मूळची नव्हे. त्यांनी ती हातात घेतली, बोटाने सरळ केली आणि म्हणाल्या, "ही कशी टाकता? पाते त्यांचे, म्यान त्यांचे. या सगळ्यात आपल्या आजोबांचे असे एवढेच तर आहे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. पाच-सहा वर्षे पुण्याच्या वाऱ्या करून जी परीक्षा मला आली नव्हती, ती त्यांनी चहा गाळता गाळता केली होती.

व्यापाऱ्याला मी नाही कळवले. फीसाठी पतपेढीचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. काकांनी मात्र पुढे वर्षभर माझ्याशी अबोला धरला. त्यांचे म्हणणे एकच : "बाप माझा होता, तुझा नव्हे. त्याला चोर ठरवायला तू कोण?" मी त्यांना म्हणालो, "अण्णा, चोर नाही म्हणत मी. ते काय होते ते मला ठाऊक नाही. पण ते नवमीला घरी थांबत नसत, हे तुम्हालाही ठाऊक आहे." त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि उठून गेले.

मार्च २०२० मध्ये मी एक बातमी वाचली होती, ती या दिवसांत पुन्हा काढून वाचली. जावाच्या दीपोनेगोरो राजपुत्राने १८२५ पासून १८३० पर्यंत डचांशी युद्ध केले. तह बोलण्यासाठी बोलावून त्यांनी त्याला कैद केले. त्याची क्रिस हॉलंडच्या राजाला नजर झाली, तिथल्या राजसंग्रहात गेली, तो संग्रह मोडल्यावर लायडेनच्या वस्तुसंग्रहालयात आली आणि इतर क्रिसांच्या गर्दीत हरवली. अभ्यासकांनी अनेक वर्षे जुने कागद धुंडाळले. त्या काळातल्या एका पत्राच्या कडेला रादेन सालेह या जावाच्या थोर चित्रकाराने तिच्याविषयी टिपण लिहून ठेवले होते, तेही उपयोगी पडले. अखेर ती सापडली आणि २०२० साली मायदेशी परत गेली. तिचा आकार आणि तिचे नाव जुळते की नाही, यावर तिकडच्या जाणकारांत त्यानंतरही वाद झाला. होऊ द्या! वाद घालायला निदान कागद आहेत.

एका चित्रकाराच्या टिपणाची त्यात मदत झाली, हे वाचून चित्रकलेच्या मास्तरला काय वाटले असेल ते मी सांगत नाही. आमच्या सुरीला जायला घर नाही. ते कुठल्या गल्लीत होते, आता उभे आहे का, हे सांगणारे कुणी उरले नाही. पण मी राजाची गोष्ट लिहून दिली असती, तर उरलासुरला मागही पुसला गेला असता. आजीने चिंचेने तांदूळ पुसले, तसा मी शाईने.

म्हणून मी कागद लिहिला. दोन पाने नव्हेत, एकच. आधी पाते कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली. मग खाली लिहिले : जावाची क्रिस. पाते सरळ, लांबी साडेतेरा इंच. गोंजा एकसंध. नक्षी सांडलेले तांदूळ, आता फक्त मानेच्या खळग्यात शिल्लक. बाकीची घरच्या पूजेत चिंच आणि राखेने गेली. म्यान मूळचे नव्हे. आत खाकी कापडाची चिंधी, ती आमच्या आजोबांनी घातली असावी. ते १९४५-४६ मध्ये मराठा पलटणीतून सुराबायात होते. क्रिस कशी मिळाली ते त्यांनी सांगितले नाही. कुणी विचारीत आल्यास दाखवावी.

शेवटचे वाक्य लिहिताना हात थांबला होता. मग तसेच राहू दिले.

यंदा खंडेनवमीला सुरी खाली आली. चिंच नाही, राख नाही. चंदनाच्या तेलाचा एक हात आणि मऊ फडके. मुलगी सुट्टीला घरी आली होती, तिने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. चिंधी पुन्हा खोबणीत बसवलेलीच आहे. ती नसली तर पाते म्यानात हलते. सौ.नी अक्षता वाहिल्या, त्यातल्या काही ओघळून त्या खळग्यापाशी जाऊन बसल्या. वरचे कोणते आणि लोखंडातले कोणते, हे चष्मा लावूनही मला क्षणभर कळेना.

तेवढ्यात दाराशी खोकल्याचा आवाज झाला. काका आले होते. वर्षाने. ते काही बोलले नाहीत. पाटापुढे उभे राहिले, खिशातून झेंडूचे एक फूल काढले, पण ते वाहिले नाही. पाटाच्या कडेला नुसते ठेवले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आजोबा नवमीला रानातून परतल्यावर जिथे बसत, तिथेच.

मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो.